कोरडवाहू बाग

आंपारोवहिनींची हिरवळ आणि त्यांची वाचा एकाच वर्षी गेली.

त्यांचा नवरा रामिरो माझा तांब्याच्या खाणीतला जोडीदार. तो होता तोवर त्यांच्या घरापुढे गवताचा हिरवागार तुकडा होता आणि कुंपणालगत गुलाब. आमच्या अख्ख्या दरीत तेवढंच हिरवं. रामिरो गेल्यावर वहिनी एकट्याच संध्याकाळी नळी धरून उभ्या दिसायच्या. मग दरीच्या वरच्या अंगाला पिस्त्यांची बाग लावणारी एक कंपनी आली. त्यांनी आमच्या कल्पनेपलीकडे खोल बोअर मारले आणि आमच्या घरगुती बोअरचं पाणी उतरायला लागलं. आधी गुलाब गेले, मग गवत. पिवळं पडलं, करडं पडलं आणि शेवटी वाऱ्याने उडून गेलं. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस वहिनी स्वयंपाकघरात पडल्या. चुलीवर घेवड्याचं भांडं करपून धूर झाला, म्हणून मला कळलं.

झटक्याने उजवी बाजू लुळी झाली आणि बोलणं गेलं. दोन शब्द तेवढे उरले. एक 'नको' आणि दुसरा 'मेल्या'. जी बाई जन्मात कुणाला वावगा शब्द बोलली नाही, तिच्या तोंडी नेमका तोच राहिला. पाणी हवं असलं की मेल्या, ऊन लागलं की मेल्या, पाद्रीबाबा प्रसाद घेऊन आले तेव्हा त्यांनाही मेल्या. बाबा हसले. देल्फिना आधी हसली आणि मग मागच्या दारी जाऊन रडली.

देल्फिना त्यांची एकुलती एक मुलगी. पन्नाशीला आलेली, टूसॉन शहरात एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती. लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही. नोकरी सोडून आईपाशी येऊन राहिली. आल्या आल्या तिने आईची खाट पुढच्या खोलीत आणली, मोठ्या खिडकीला लागून. खोली अरुंद, त्यामुळे खाट एकाच तऱ्हेने बसत होती. डोकं भिंतीकडे, खिडकी उजव्या हाताला.

"दिवसभर छताकडे बघत पडणार का ती?" देल्फिना म्हणाली. "बाहेरचं काहीतरी दिसू दे."

बाहेर दिसण्यासारखं होतं काय? मोकळी धूळ, कुंपणाची तार आणि तारेपलीकडे माझ्या अंगणात उभा असलेला माझा जुना ट्रक.

"लासारोकाका, तो ट्रक हलवा तिथून. त्याच्याकडे बघून आईला दुसरा झटका येईल."

"तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने रंगवलाय तो."

"ते दिसतंयच."

मी ट्रक मागे नेऊन लावला. पण धूळ कुठे हलवणार? तेव्हा तिने बागेचं मनावर घेतलं. गुलाब नाहीत, गवत नाही, हे तिचं आधीच ठरलं होतं. कमी पाण्यावर जगणारी, वर्षानुवर्षं टिकणारी झुडपंच लावायची. पोरीने आयुष्यात कुंडीतली तुळस जगवली नव्हती, पण महिनाभर ती दुसरं काही बोलेना. कुठलं झुडूप थंडी सोसतं, कुठल्याला कडक ऊन हवं, कुणाची मुळं घराच्या पायाला भिडतात, कुणाला ससे खातात. मी सकाळी कॉफीला गेलो की टेबलावर कॉफीच्या आधी झाडं.

गावात ग्वेन नावाच्या बाईची रोपवाटिका आहे. आम्ही दोघं तिकडे गेलो. ग्वेनने जागा कशी आहे, उतार कुठे आहे, पन्हाळीचं पाणी कुठे पडतं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "घराजवळ जरा तहानेची लाव, लांब जाशील तशी चिवट. आणि आत्ताच लाव. ऑक्टोबर म्हणजे उत्तम वेळ. हिवाळाभर मुळं खाली जातील."

"आणि मग पाणी द्यावं लागणार नाही ना?"

"मुळं रुजली की नाही. पण त्याला दोन उन्हाळे जावे लागतात. तोवर यांना तान्ह्या पोरांसारखं जपायचं. लोक फसतात ते इथेच. तहान सोसणारं झाड म्हणून आणतात आणि पहिल्याच जूनमध्ये तहानेनं मारतात."

देल्फिनाने मान डोलावली. दोन उन्हाळे ही तेव्हा काही मोठी गोष्ट वाटली नाही.

रोपं निवडली ती वहिनींनी, असं आम्ही समजत होतो. देल्फिना एकेक रोप उचलून खिडकीबाहेर धरायची आणि उघड्या तावदानातून ओरडून विचारायची.

"आई, हे बघ, सेज. जांभळी फुलं येतात. लावू?"

"मेल्या."

"आणि ही घायपात?"

"नको."

"काटे टोचतील म्हणून नको म्हणतेय," देल्फिना मला सांगायची. "पण सेज आवडलं तिला. मेल्या कसं मायेनं म्हणाली, ऐकलंत ना?"

असं करत करत ठरलं. खिडकीला लागून पेनस्टेमॉन, त्याची नळीसारखी लालगुलाबी फुलं वसंतात सगळ्यांच्या आधी येतात. त्याच्यापुढे वाळवंटी झेंडू, मग जांभळ्या सेजची रांग, मग करड्या पानांची, पिवळ्या फुलांची आणि ठिसूळ फांद्यांची झुडपं. कुंपणाशी अगदी टोकाला ग्रीझवूडचं चिवट रानझुडूप. त्यावर मी चिडवलं.

"हे तर माळावर मैलोन्‌मैल उगवतं फुकट. तू विकत आणलंस?"

"माळावरचं उपटून लावलं की मरतं, काका. विचारून घेतलंय मी." तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "एवढी वर्षं राहता इथे, माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं.

खड्डे काढायला मी गेलो. आमच्याकडे वीतभर मातीखाली चुनखडीचा थर लागतो, सिमेंटसारखा. पहार मारली की हात कोपरापर्यंत झिणझिणतात. देल्फिनाने आधी एका खड्ड्यात पाणी ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तसंच, न्हाणीत साठल्यासारखं. म्हणजे तो थर फोडल्याशिवाय सुटका नाही, मुळं तिथेच कुजली असती. आम्ही दोघांनी आळीपाळीने पहार चालवली. ती हातमोजे घालायची नाही. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. खड्डे रुंद काढले, खोल काढले नाहीत. शेणखत घातलं नाही, जमिनीतलीच माती परत लोटली, आळी केली आणि वर खडी पसरली. रोपं एवढीशी दिसत होती. सगळ्या अंगणात कुणीतरी बाटल्यांची हिरवी बुचं टाकून ठेवल्यासारखी.

"थोडी जवळ जवळ लावायची होतीस," मी म्हणालो.

"मोठी झाली की जागा लागेल त्यांना."

तो हिवाळा बरा गेला. नाताळात देल्फिनाने मक्याच्या सालीत वाफवलेले तमाले केले. वहिनींना आवडतात म्हणून लाल मिरचीचे. सावकाश, एकेक घास भरवला. आठवड्यातून एकदा ती नळी घेऊन प्रत्येक आळं भरायची, आणि पाणी देताना खिडकीतून आईशी बोलत राहायची. याला नवीन पान आलं, ते सशाने कुरतडलं, झेंडूला कळी आहे. मार्चमध्ये पेनस्टेमॉनला दांडे आले आणि एका सकाळी सगळे फुलले. मी तिथेच होतो. एक इवलासा हमिंगबर्ड आला, भिरभिरत एकेका फुलात चोच घालून गेला. वहिनींनी डावा हात उचलला.

"मेल्या," त्या म्हणाल्या.

देल्फिनाने तोंडावर हात दाबून धरला. त्या दिवशी तिने मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

एप्रिलमध्ये नळ खोकायला लागला. आधी हवा, मग वाळू, मग करडा गाळ, मग नुसता आवाज. बोअरवाला येऊन दोरी सोडून बघून गेला. खाली कोरडं ठाक. आणखी खोल जायचं तर त्याच्याकडे वर्षाची रांग होती, आणि गेलो तरी लागेलच असं नाही, म्हणाला. दरीतले निम्मे लोक त्याच रांगेत होते.

माझं बोअर त्यांच्यापेक्षा नंतर मारलेलं, थोडं खोल, पण तेही तास-दीड तास चाललं की धापा टाकायचं. मग मी ट्रकवर टाकी बसवली. गावच्या सार्वजनिक नळावरून पाणी भरून आणायचं, त्यांच्या टाकीत ओतायचं. एक खेप घराला, एक बागेला. देल्फिना ते पाणी बादलीने घालायची. नळीने घालताना जे सांडायचं ते आता सांडू द्यायचं नव्हतं.

जून लागला तेव्हा गावानेही हात वर केले. गावाबाहेरच्यांना पाणी मिळणार नाही. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्याही टाक्या रिकाम्या होत होत्या. नळाच्या चौकटीला कुलूप लागलं. मी रिकामी टाकी घेऊन परत आलो तेव्हा देल्फिना अंगणात उभी होती. ट्रकचा आवाज ऐकूनच तिला कळलं असावं, भरलेला ट्रक वेगळा वाजतो.

"नाही?"

"नाही."

त्या दिवसापासून त्या घराला पाणी गेलं ते माझ्या बोअरचं. प्यायला, रांधायला, वहिनींना पुसून काढायला, त्यांच्या चादरी धुवायला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या चादरी किती निघतात हे ज्याने धुतल्यात त्यालाच माहीत. बागेला उरायचं ते अंग पुसलेलं पाणी, साबणाचं, बादलीच्या तळाशी एवढंसं.

"सगळ्यांना पुरणार नाही हे," एका सकाळी ती म्हणाली. बादली हातात तशीच. "सांगा, कुणाला द्यायचं?"

"मला काय विचारतेस? चिवट आहेत ती सोड. ग्रीझवूड जगेल आपलं आपण."

"ते तान्हं आहे, काका. चिवट व्हायला अजून एक उन्हाळा आहे."

"मग घरालगतची सोड, ती तहानेची आहेत."

"तीच तर खिडकीतून दिसतात."

शेवटी तिने खिडकीतून दिसतील तेवढीच ठेवायची ठरवली. कुंपणाकडची रांग सोडली. मग मधली झुडपं सोडली. मग मधली झुडपं सोडली. रोज एकेकाला ओलांडून पुढे जायची. ओलांडताना त्यांच्याकडे बघायची नाही, हे मी पाहिलंय. जुलैत ढग यायचे, गडगडायचे आणि डोंगरापलीकडे जाऊन पडायचे. आम्ही ओसरीत बसून लांबवर पडणारा पाऊस बघायचो.

"हिवाळ्यात मी नळीने आळी भरत होते," ती एकदा म्हणाली. "तेच पाणी आज आईला पुरलं असतं."

"वेडी आहेस का? वर पिस्त्यांना दिवसरात्र पंप चालू आहेत. तुझ्या चार आळ्यांनी बोअर आटलं होय?"

"तुम्हाला काय माहीत?"

मी जीव तोडून समजावलं. तिने ऐकून घेतलं, पटलं नाही. ती माझ्याकडे बघून मान हलवायची तेव्हाच मला कळायचं, हिच्या मनात ते घर करून बसलंय.

ऑगस्टमध्ये वहिनींच्या पाठीला जखम झाली. तपासायला येणारी नर्स भली बाई, तिने जखम पाहिली, नळ सोडून पाहिला आणि खुर्चीत बसली. म्हणाली, "देल्फिना, वाहतं पाणी नसलेल्या घरात मी यांना ठेवू शकत नाही. मला तसं कळवावंच लागेल."

"मी रोज पुसते तिला. दोनदा पुसते."

"मला दिसतंय गं."

चार दिवसांनी रुग्णवाहिका आली. वहिनींनी डाव्या हाताने खाटेचा कठडा धरून ठेवला. "नको," म्हणाल्या. "नको, नको." देल्फिनाने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मी दाराशी उभा होतो. मला पुढे व्हायला हवं होतं, पण ती बोटं सोडवायला माझे हात पुढे गेले नाहीत. वाटेत पेनस्टेमॉनची वाळलेली दांडकी स्ट्रेचरला लागून मोडली.

टूसॉनच्या शुश्रूषागृहात त्या सहा आठवडे होत्या. मी एकदा गेलो. स्वच्छ जागा, नळाला धबधबा पाणी, खिडकीबाहेर गाड्यांचा तळ. देल्फिना मला बाहेर बाकावर घेऊन गेली. तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, वहिनी गेल्याच.

"डॉक्टरांनी आज तिचे डोळे तपासले," ती म्हणाली. "तिला उजवीकडचं दिसत नाही, काका. झटका आला तेव्हापासून दिसत नाही. डोळे चांगले आहेत, पण मेंदूला ती बाजूच नाही. त्या बाजूला जग आहे हेच तिला ठाऊक नाही, म्हणाले."

मला चटकन उमगलं नाही.

"खिडकी," ती म्हणाली. "खिडकी उजवीकडे होती."

मला ती अरुंद खोली आठवली, खाटेचं डोकं भिंतीकडे.

"डाव्या हाताने स्वतः जेवायची तेव्हा ताटातलं अर्धंच संपवायची. मला वाटायचं भूक मेली. ताट नुसतं फिरवायचं होतं. खाट फिरवायची होती, काका. भिंत फोडून फिरवायची होती."

"तो पक्षी पाहिला होता तिने," मी म्हणालो. "हात उचलला होता. मी पाहिलंय."

"माशी हाकलत होती ती."

"आणि तुझ्याशी बोलायची. हे लावू का म्हटलं की—"

"माझ्या आवाजाला बोलायची. मी ओरडत होते ना खिडकीतून." ती हसली. ते हसू मला आजही नकोसं वाटतं. "वर्षभर मी मेलेल्या बाजूला बाग लावत होते."

त्या दिवशी तिने खाट फिरवून घेतली. गाड्यांचा तळ वहिनींच्या डाव्या हाताला आला. त्या डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत राहायच्या, असं देल्फिना सांगायची. ऑक्टोबर लागता लागता त्या गेल्या. रामिरोशेजारी पुरलं. पाद्रीबाबांनी दोन शब्द सांगितले.

दुसऱ्या दिवशी देल्फिना घर आवरायला आली. घर विकायचं म्हटलं तरी घेणार कोण, बिनपाण्याचं. भांडी, कपडे, रामिरोचं खाणीतलं हेल्मेट, सगळं माझ्या ट्रकमध्ये भरलं. मग ती बागेत गेली आणि वाळलेली झुडपं उपटायला लागली. मी म्हटलं, राहू दे, कशाला. म्हणाली, वाळलेलं आहे, कुठून ठिणगी पडली तर घर जाईल, तुमचंही जाईल.

झुडपं हलक्या हाताने निघत होती. एक सेज तिने मला दाखवलं. खाली मुळांचा गठ्ठा होता, ज्या डब्यात रोपवाटिकेतून आलं त्याच डब्याच्या आकाराचा, गोल, तळाशी सपाट. वर्षभरात एकही मूळ त्या आकाराबाहेर पडलं नव्हतं. चुनखडी फोडून आम्ही एवढी मोकळी करून दिलेली माती, तिच्यात ते शिरलंच नव्हतं. तिने गठ्ठा हातात फिरवून पाहिला आणि ढिगावर टाकला. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही.

कुंपणाशी ग्रीझवूड मात्र निघेना. तिने ओढलं, मी ओढलं, मग दोघांनी मिळून. बुंध्याशी नख लावलं तर आत हिरवट ओल होती. आम्ही ज्याला सगळ्यात आधी सोडलं होतं, ते.

मला वाटलं तिला बरं वाटेल. मी तसं म्हणालोही, "बघ, हे रुजलं."

ती खाली बसली. त्या काटक्या बोटांनी बाजूला सारून पाहिल्या.

"मी काय करू त्याचं?" ती म्हणाली. "कुणासाठी रुजलंय ते?"

तिने हात झटकले, पाण्याची बाटली गाडीतून काढून अर्धी स्वतः प्यायली, अर्धी मला दिली. झाडाला तिने घातलं नाही. मीही घातलं नाही. दोघांच्याही मनात आलं असेल.

ती टूसॉनला गेली. दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे काम मिळालं, असं फोनवर सांगितलं. आवाज ठीक होता, म्हणजे रिसेप्शनवरच्या बाईचा असतो तसा. पहिल्या वर्षी महिन्याला फोन करायची, आता सणावारी करते. बागेचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.

उपटलेल्या झुडपांचे खड्डे तसेच राहिले होते. रात्री कुणी पाय मुरगाळून पडेल म्हणून एके दिवशी मी फावडं घेऊन बुजवायला गेलो. पण उपटताना बाजूला पडलेली माती वाऱ्याने केव्हाच नेली होती. खडी लोटून भरायला लागलो, दोन भरले, कंबर धरली. बाकीचे उघडेच आहेत.